टोकन देण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारा

आपले आजोबा-पणजोबा गाव सोडून मुंबईला आले ते गिरणी, गोदी, रेल्वे आणि महानगरपालिकेतल्या कामासाठी. राहिले ते चाळीत, नाहीतर झोपडपट्टीत. आता त्यांची नातवंडे दुसरे स्थलांतर करीत आहेत. मुंबईत घर परवडत नाही आणि दहा बाय बाराच्या खोलीत वाढत्या मुलामुलींचा अभ्यास होत नाही, म्हणून दिवा, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नालासोपारा, विरार अशा ठिकाणी आपली कुटुंबे निघाली आहेत. स्वतःचा दरवाजा, स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास असावा ही इच्छा चैनीची नाही, ती माणूस म्हणून जगण्याची आहे. त्यामुळे जाऊ नका, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही.

आम्ही पती-पत्नी 2011 साली दोन मुले आणि वृद्ध आई यांच्यासह चेंबूरच्या एका वस्तीतून बदलापूरला आलो. तेव्हापासून नातेवाईक आणि जुन्या वस्तीतले शेजारी घर पाहायला येतात आणि आमच्याकडे चहाला थांबतात. सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो, "स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय?" आम्ही त्यांना सांगतो, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे विचारा की, मुंबईपेक्षा जे पैसे इथे वाचतात, ते आपल्या घरातले कोण वेळेच्या रूपाने भरणार आहे?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर 68 किलोमीटरवर आहे. आमच्यापैकी एकाची नोकरी दादरला, दुसरीची घाटकोपरला. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत, रिक्षाची रांग आणि गाडीची वाट धरून, एका बाजूचे दोन तास जातात. म्हणजे रोजचे चार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी बदलापूरला भरूनच येते, त्यामुळे यातला बराच वेळ उभ्याने जातो. रविवारी मेगाब्लॉक असतो. पावसाळ्यात शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आले की रात्र फलाटावर काढण्याची तयारी ठेवावी लागते.

हे चार तास पुरुषाचे जातात तसेच बाईचेही जातात. परंतु घरी आल्यावर पुरुषाच्या हातात चहाचा कप येतो आणि बाईच्या हातात पोळपाट-लाटणे येते. सकाळी सहाची गाडी पकडायची तर चार वाजता उठून डबे करणारी तीच असते. म्हणून घर घेण्यापूर्वी आम्ही एक वही घेतली आणि दोघांच्या दिवसाचे तास लिहून काढले. पाणी कोण भरणार, डबे कोण करणार, मुले शाळेतून आली की दार कोण उघडणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, हे नावानिशी लिहिले. भाजी निवडणे, कणीक मळणे आणि रात्रीची भांडी ही कामे त्या वहीत पुरुषाच्या नावावर गेली, ती आजही तिथेच आहेत. हा हिशोब जमल्यावरच आम्ही कर्जाचा हिशोब केला.

असे न केल्यास काय होते, ते आमच्या डोळ्यांसमोर घडले आहे. आमच्या ओळखीचे एक कुटुंब याच भागात आले. नवरा कंत्राटी कामगार, बायको चेंबूरला चार घरची धुणी-भांडी आणि स्वयंपाक करणारी. कर्जाचा हप्ता दोघांच्या कमाईवर धरलेला. पण चार घरची कामे सकाळी लवकर सुरू होतात, आणि बदलापूरहून निघून ती वेळ गाठणे तिला जमेना. सहा महिन्यांत कामे सुटली. नव्या वस्तीत तशी कामे कमी आणि त्यांचा मोबदलाही कमी. हप्ता एका पगारावर आला. दोन वर्षांत त्यांनी घर भाड्याने दिले आणि ते पुन्हा जुन्या वस्तीत, तेही भाड्याच्या खोलीत परत गेले. घर पसंत करताना तिला खिडकी आणि ओटा दाखविला होता. तिच्या कामाचे काय, हे कुणी विचारले नव्हते.

घर विकत घेण्यापूर्वी त्याच भागात काही महिने, त्यातही पावसाळ्यात, भाड्याने राहून पाहावे असा आमचा आग्रह आहे. आम्ही जूनपासून चार महिने तसे राहिलो. उल्हास नदी इथून वाहते. 26 जुलै 2005 रोजी, नंतर जुलै 2019 आणि जुलै 2021 मध्येही तिचे पाणी बदलापूर पश्चिमेकडच्या सखल वस्त्यांत शिरले. 2019 मध्ये तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली होती. उन्हाळ्यात घर दाखविणारा माणूस हे सांगत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारा, भिंतीवर पाणी कुठपर्यंत आले होते. ती हात लावून दाखवील. नळाला पाणी दिवसातून किती वेळ आणि किती वाजता येते, टँकर मागवावा लागतो का, हेही तिलाच विचारा.

भाड्याचे घर शोधताना आम्हाला आणखी एक प्रश्न भेटला. एका दलालाने आधी आडनाव विचारले आणि मग म्हणाला, "मालकाला शाकाहारी माणसं पाहिजेत." आम्ही अंडी-मासळीबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. गावाची वेस ओलांडून आलेली माणसे आपण, शहरातही वेस असते हे आपल्याला कळते. अशा वेळी नाव लपवून घर घेऊ नये. लपविलेल्या नावाने मिळालेल्या घरात मुलांनाही नाव लपवायला शिकवावे लागते. आम्ही सरळ नाव सांगितले आणि दुसरे घर पाहिले. विकत घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. रीतसर अर्ज केल्यावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही, तर कायद्याने सभासदत्व मिळाल्याचे मानले जाते. आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. अर्जाची पोच मात्र घेतलीच पाहिजे.

आता कागदांविषयी. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. महारेराचे काम मे 2017 पासून सुरू आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण केवळ क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे उघड झाले आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्या गरीब कुटुंबांनी पै-पै जोडून घरे घेतली होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः नगर परिषदेत किंवा महानगरपालिकेत जावे आणि ती खरी आहे का ते विचारावे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. एक दिवसाचा खाडा होईल, पण आयुष्याची कमाई वाचेल.

मुलांच्या शाळेची चौकशी घराच्या चौकशीइतकीच कसून करावी. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाचा प्रवेश त्या कारणाने अडवता येत नाही. फी परवडते का एवढेच पाहू नका. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि संतापलेले लोक रेल्वेमार्गावर उतरले. आईबाप दोघेही साठ किलोमीटर दूर कामावर असतील, तर लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेते, तिथे महिला सेविका आहे का, शाळा सुटल्यावर मूल कुणाच्या ताब्यात देतात, हे प्रश्न मुख्याध्यापकांना तोंडावर विचारलेच पाहिजेत.

घरातील वृद्धांना तर कुणी काही विचारतच नाही. आमच्या आईंना चेंबूरला शीव रुग्णालय आणि राजावाडी जवळ होते. इथे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. शिवाय वस्तीत चार दारे उघडी असत, इथे दार बंद केले की शेजार संपतो. आईंनी पहिल्याच महिन्यात विचारले, "इथं वंदनेला कुठं जायचं?" आम्ही इमारतीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या बायकांना शोधून रविवारी दुपारी एकत्र बसायला सुरुवात केली. त्याच बायका पुढे मुलांना शाळेतून आणू लागल्या आणि आजारपणात एकमेकींचे डबे करू लागल्या. नव्या ठिकाणी आपली माणसे शोधणे हे घर लावण्याइतकेच तातडीचे काम आहे.

सामान बांधताना एक पेटी वेगळी ठेवा. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकाची नक्कल, घरात कुणाला मिळाले असल्यास जात वैधता प्रमाणपत्र, जुने रेशनकार्ड हे सर्व असू द्या. आपल्या मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 रोजी कुटुंब जिथे राहत होते, ते ठिकाण धरतात. बदलापूरला राहायला आलो म्हणून दाखला ठाणे जिल्ह्यातून मिळत नाही; मूळ गाव सातारा किंवा रत्नागिरी असेल तर तिकडच्याच अधिकाऱ्याकडे जावे लागते. घर बदलताना हरवलेला एक जीर्ण कागद मुलीचा प्रवेश अडवू शकतो. त्याचबरोबर रेशनकार्डावरचा पत्ता बदलून घ्यावा आणि मतदारयादीसाठी नमुना 8 भरावा. ज्या गावात पाणी आणि रस्ता मागायचा आहे, तिथे मतही असले पाहिजे.

शेवटी करारनाम्यावरच्या नावाविषयी. महाराष्ट्रात 2021 पासून फक्त महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतल्यास ही सवलत मिळत नाही, तरीही तिचे नाव घालावेच. कर्जाचा हप्ता पगारातून जातो तो बँकेच्या वहीत दिसतो. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचे तिचे तास कुठल्याही वहीत दिसत नाहीत. पण त्या तासांवरच हे घर उभे राहते.

तेव्हा बंधूंनो, बिल्डरच्या हातात टोकन ठेवण्यापूर्वी एका रविवारी घरातल्या सर्वांना, आईला, बायकोला, मुलीला समोर बसवा आणि वही उघडा. त्यांनी हिशोब मान्य केला तर खुशाल निघा. आणि भगिनींनो, तुम्हाला कुणी विचारले नाही, तरी वही तुम्ही उघडा.