तेरणेकाठचा समुद्र

चैत्र लागला की आमच्या दाभोळला धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते. घाटावरची माणसं पोराबाळांना घेऊन समुद्र बघायला उतरलेली असतात, आणि मी नेमका त्याच दिवसांत घाट चढून उलटा जातो. ताईचं सासर धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आईने कोकमं, कुळथाची पिठी आणि सोड्यांची पुरचुंडी देऊन मला पाठवलं, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. "समुद्र सोडून धाराशिवला? आणि या उन्हात?" असं गावातले विचारतात. सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटर आत असलेल्या त्या जिल्ह्यात समुद्राची माझी ओळख वाढली, हे त्यांना उभ्या उभ्या कसं सांगायचं? म्हणून हे लिहितो आहे.

धाराशिवचा उन्हाळा म्हणजे यात्रांचा हंगाम. ज्वारी, हरभरा घरात आलेला असतो, रानं नांगरून पडलेली असतात, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत कुणब्याच्या पायाला मोकळीक असते. चैत्री पौर्णिमेला तुळजापूर गजबजतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे रस्ते येरमाळ्याकडे वळतात. येरमाळा कळंब तालुक्यातलंच. तिथली येडेश्वरी ही तुळजाभवानीची बहीण, असं तिकडे मानतात. सकाळी डोंगरावरच्या देवळातून पालखी खाली उतरते आणि आमराईकडे निघते. वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथे हजारो माणसं वाकून जमिनीतले चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीच्या नावाने वाहतात. पुढचे पाच दिवस पालखीचा मुक्काम आमराईत.

मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा ताईच्या सासूबाईंनी माझ्या हातात पाच खडे ठेवले. बोराएवढे, खडबडीत, मातकट पांढरे. एक खडा दुसऱ्यावर घासला तर बोटाला पीठ लागलं. आमच्याकडे जुन्या घरांना लागलेला चुना शिंपल्यांचा. खाडीतले शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे, पाणी मारून विरवायचे. इथे तोच चुना काळ्या रानात खड्याखड्याने उगवतो, आणि माणसं तो भक्तीने वेचतात.

पालखीमागे आराधी बायकांचा मेळा होता. कपाळभर मळवट, हातात परडी, बाजूला संबळ घुमत होतं. "आई राजा उदो उदो" म्हणताना प्रत्येकीच्या गळ्यातली कवड्यांची माळ छातीवर आपटून खुळखुळत होती. मी त्या माळेकडेच बघत राहिलो. गुळगुळीत पाठीची, पोटाशी दातेरी फट असलेली ती पिवळट पांढरी कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर. आमच्या वाळूत अशा जातीची कवडी क्वचित. ती उबदार पाण्यातली, प्रवाळाच्या बेटांजवळची. शतकानुशतकं मालदीवहून जहाजं भरभरून कवड्या हिंदुस्थानात उतरत होत्या आणि बंगालात तर त्यांचं नाणं चालायचं. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द त्या बाजारातूनच आपल्या तोंडात आले. बाजारातून कवडी हद्दपार झाली, भवानीच्या गळ्यातून नाही. शिवरायांच्या चित्रातसुद्धा आपल्याला ही माळ दिसते ना! तुळजापूरच्या कवडीला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं. कुंथलगिरीच्या खव्याला मिळालं तेही योग्यच झालं. भूम भागातल्या भट्ट्यांवर रटरटणाऱ्या दुधाचा वास एकदा घेतलेला माणूस त्याबद्दल वाद घालणार नाही. पण समुद्र नसलेल्या गावाच्या नावाने समुद्रातली वस्तू ओळखली जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे मी दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पाव्हणं, मग तुम्ही तेर बघा. गोरोबाकाकांची यात्रा करूनच गावी जावा."

ती यात्रा चैत्र वद्य त्रयोदशीची, म्हणजे पौर्णिमेनंतर तेरा दिवस. मी राहिलो. ताईकडे तेरा दिवस राहायला निमित्त लागत नाही. शेंगदाण्याचा ठेचा, हुलग्याची शेंगोळी आणि रात्री गच्चीवरची चटई, एवढ्यावर उन्हाळा निभतो.

ढोकीवरून तेरला जाताना दोन्ही बाजूंना ऊस संपून मोकळी रानं लागतात. गाव जवळ आलं की जमीन उगाच उंच होते. ती टेकाडं नैसर्गिक नाहीत. त्यांच्या पोटात जुनं शहर आहे. पावसाने कापलेल्या कडेला खापऱ्यांचे थर उघडे पडलेले दिसतात, लाल, काळे, मध्येच विटेचा तुकडा.

या शहराचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, पण तांबडा समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरं, वारे आणि माल यांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर, असं तो सांगतो. तगरहून साधं कापड, तलम मलमल आणि किनाऱ्याकडच्या मुलखातून तिथे आलेला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला जाई. कल्याणचं बंदर जवळ असताना एवढा वळसा कशाला? तेही तो सांगतो. कल्याणला तेव्हा राजकीय अडथळे होते, चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात.

किनाऱ्याचा माल आधी इथे, तेरणेच्या काठी येत होता, तेव्हा कुठे पुढे जात होता. मी बंदरावरचा माणूस. बंदर म्हणजे जिथे पाणी आणि जहाज, एवढंच मला ठाऊक होतं. पण ज्या गावात मालाचा ढीग पडतो, दर ठरतो आणि गाड्या जुंपल्या जातात, तेही बंदरच की.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं. शेवटी 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी बोट ठेवलं ते तेरवर. 1958 साली चापेकरांनी इथे उत्खनन केलं, पुढेही ते होत राहिलं, आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं शहर मातीतून वर आलं.

मात्र तेर वाचवलं ते गावातल्याच एका माणसाने. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्यात, नांगराच्या तासात सापडणाऱ्या वस्तू जिवापाड जपल्या. त्यांच्या संग्रहातून इथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती. या मूर्ती दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून मग जोडलेल्या, आतून पोकळ. आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. इटलीत ज्वालामुखीने इसवी सन 79 मध्ये गाडलेल्या पाँपेई शहरात 1938 साली हस्तिदंताची एक हिंदुस्थानी स्त्रीमूर्ती सापडली. तिची ही अगदी जवळची नातलग. पाँपेईची ती मूर्ती दख्खनच्या याच पट्ट्यात घडली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. शंखाच्या एका तुकड्यावर करवतीची बारीक रेघ दिसली. शंख समुद्रातला, हात तेरचा.

तुळजापूरला लाखो लोक येतात. तिथून निघून तासा-दीड तासात तेरला पोचता येतं, पण दर्शन झालं की गाड्या थेट परतीला लागतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुलांना हे दाखवा. इतिहासाच्या पुस्तकात 'सातवाहनांचा रोमशी व्यापार' असं एक वाक्य असतं, ते वाक्य इथे काचेमागे ठेवलेलं आहे.

गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. मागून बघा. भिंत गोलाकार वळते आणि वर गजपृष्ठासारखं छप्पर. लेण्यातलं चैत्यगृह डोंगरातून उपटून जमिनीवर आणून ठेवावं, तसं. मुळात हे विटांनी बांधलेलं चैत्यगृहच. पुढे त्यात पाय उचललेला त्रिविक्रम आला आणि मंडप जोडला गेला. दगडात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडे पुष्कळ, पण विटांचं, बांधलेलं आणि अजून उभं असलेलं असं फार दुर्मीळ. उत्तरेश्वराच्या देवळाच्या विटाही जुन्या. त्या पाण्यावर तरंगतात, असं गावकरी सांगतात. भाताचा तूस मिसळून भाजलेली, सच्छिद्र, हाताला हलकी अशी वीट.

त्रयोदशीला मात्र गाव गोरोबाकाकांचं असतं. शके 1239, म्हणजे 1317 साली, याच तिथीला त्यांनी समाधी घेतली. दिंड्या येतात, टाळ-मृदंगाने रस्ते भरून जातात. जातीने कुंभार, वयाने संतमेळ्यात वडील, म्हणून काका. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं लेकरू पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही, ही कथा मी लहानपणी ऐकली तेव्हा घाबरलो होतो. देवळासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने ती मला पुन्हा सांगितली आणि लेकराच्या आईकडेच अधिक वेळ थांबली. "तिचं काय झालं असंल," एवढंच म्हणाली. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण भाजलं गेलंय आणि कोण कच्चं, हे ठरवण्याची दुसरी कथाही इथलीच. पक्कं मडकं वेगळं वाजतं, हे कुंभारालाच कळणार. ज्या मातीत त्यांच्याही हजार वर्षं आधी पोकळ मूर्तींचे साचे जोडणारे हात होते, तिथेच हे काका जन्माला आले.

ऊन उतरल्यावर मी नदीत उतरलो. पात्रात वाळू, मध्ये एक डबकं आणि त्यात उभ्या दोन म्हशी. त्यांना राखणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आला. यात्रेत घेतलेली शिट्टी त्याच्या गळ्यात होती. कुठून आलात, विचारलं. मी सांगितलं.

"समुद्र हाय म्हणं तुमच्याकडं?"

"आहे."

त्याने एकदा डबक्याकडे बघितलं. "उन्हाळ्यात आटतो का त्यो?"

नाही आटत, म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. म्हशींना हाक मारून तो परत गेला. मग थोडं पुढे जाऊन वळला आणि ओरडून विचारलं, "दुष्काळात बी नाही?"