शनीचे छायाचित्र

सूर्यमालेत कडी असलेले ग्रह चार आहेत. त्यांपैकी गुरू, युरेनस व नेपच्यून यांची कडी इतकी अंधुक आहेत की, घराच्या परसातील दुर्बिणीला त्यांचा पत्ताही लागत नाही. शनीचे वैभव मात्र लहानशा दुर्बिणीतूनही दृष्टीस पडते. ते प्रथम पाहणाराचा आनंद काही निराळाच असतो. आणि त्या आनंदापाठोपाठ हे दृश्य चित्रात साठवून ठेवण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होते.

ही इच्छा वाटते तितकी सहज सफल होत नाही. शनी पृथ्वीच्या अगदी जवळ येतो, तेव्हाही तो सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो. त्याच्यावरून निघालेला प्रकाश तासाहून अधिक काळ पोकळीतून धावत येतो. एवढ्या प्रवासात त्याला कोणी धक्का लावीत नाही. परंतु अखेरीस पृथ्वीभोवतीच्या हवेत शिरताच त्याची वाट डळमळू लागते. दिवसा तापलेली छपरे, भिंती व जमीन रात्री उष्णता सोडीत असतात. उष्ण व थंड हवा एकमेकींत मिसळते आणि दुर्बिणीतील शनी, वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेल्या गोट्याप्रमाणे, थरथरत राहतो. कोट्यवधी कोसांच्या पोकळीने जे बिघडविले नाही, ते घरच्या अंगणाने बिघडवावे, हे नवलच नव्हे काय?

हवेला थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. वाट पाहणे मात्र त्याच्या हाती आहे. क्षितिजाजवळ प्रकाशाला हवेच्या अधिक जाड थरातून यावे लागते. म्हणून जाणता निरीक्षक शनी आकाशात उंच येईपर्यंत थांबतो. दुर्बीण तो आधीच बाहेर नेऊन ठेवतो. कारण तिचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्यावाचून प्रतिमा स्थिर होत नाही. मग दुर्बिणीला लहानसा कॅमेरा जोडून तो काही मिनिटांची चित्रफीत घेतो. तीत हजारो चित्रे असतात. बहुतेक पुसट निघतात. पण हवा क्षणभर शांत असताना उमटलेली थोडी चित्रे स्वच्छ असतात. संगणकाच्या साहाय्याने ती निवडून एकमेकांवर बसविली, म्हणजे एकेकातील दोष क्षीण होतात व सर्वांत समान असलेले रूप उजळून निघते. कॅसिनीने १६७५ साली कड्यांमध्ये पाहिलेली काळी फटही मग स्पष्ट दिसू लागते.

येथेच निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. चित्र उठावदार करण्याची साधने संगणकात पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा अतिरेक झाला, तर शनीवर नसलेल्या रेषाही चित्रात उमटतात. असे चित्र मनोहर दिसेल. पण ते शनीचे राहणार नाही.

गॅलिलिओला १६१० साली शनीच्या दोन्ही बाजूंस दोन लहान गोल दिसले आणि १६१२ साली ते नाहीसे झाले. त्याचे कारण त्याला कळले नाही. तथापि जे दिसले, तेच त्याने नोंदविले. पुढे हायगेन्सने १६५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कोड्याचा उलगडा केला. शनीभोवती पातळ, सपाट कडे असून त्याची केवळ कडा पृथ्वीकडे आली, म्हणजे ते दिसेनासे होते. २०२५ च्या मार्चमध्येही तसेच घडले.

परसातील निरीक्षकांनीही शास्त्राला मोलाचे साहाय्य केले आहे. विल हे हा इंग्लंडमधील विनोदी नट. ३ ऑगस्ट १९३३ रोजी लंडनमधील आपल्या घरच्या १५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याला शनीवर एक मोठा पांढरा डाग दिसला. ते तेथील प्रचंड वादळ होते. २०१० च्या डिसेंबरात तसेच वादळ पुन्हा उठले, तेव्हा कॅसिनी यान शनीभोवती फिरत होते. तरीही निरनिराळ्या देशांतील हौशी निरीक्षकांनी घेतलेली छायाचित्रे शास्त्रज्ञांना उपयोगी पडली.

मोठ्या वेधशाळांना असंख्य ज्योतींकडे लक्ष पुरवावे लागते. परसातील निरीक्षक एकाच ग्रहाकडे रात्रीमागून रात्र पाहू शकतो. त्याने तारीख व वेळ लिहून जपून ठेवलेले चित्र आज साधे वाटेल. परंतु उद्या शनीवर काही नवे घडले, तर काल तेथे काय होते, हे तेच चित्र सांगेल.