जुन्या पेंटच्या शोधात

२०-२५ वर्षांपूर्वीचं एमएस पेंट आज कुणाला कशाला हवं असेल? फोटोशॉप आहे, गिम्प आहे, इंकस्केप तर फुकट आहे. पण मिरजेत आमच्या शेजारी एक काका राहतात, त्यांचं सगळं काम पेंटमध्ये चालतं. सतार-तंबोऱ्यांवरच्या नक्षीचे नमुने काढून देतात. वेली, पानं, जाळ्या वगैरे. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते वाचलं असेलच.) अर्धी वेल काढायची, फ्लिप करून जोडायची, लेझर प्रिंटरवर छापायची. पुढे कारागीर कार्बन लावून ती वाद्यावर उतरवून घेतो.

त्यांचा एक्सपीवाला डबा शेवटी बंद पडला. मुलानं विंडोज ११ चा लॅपटॉप आणून दिला आणि काम अडलं. मी शनिवारी पुण्याहून घरी आलो तर काका लॅपटॉप घेऊन हजर.

"रेषेच्या कडेला धूर येतोय बघ. आणि रंग ओतला की मधी पांढरं राहतंय."

धूर हा शब्द मला फार आवडला. आम्ही त्याला अँटी-अलायझिंग म्हणतो. तिरकी रेष पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून कडेला फिकट ठिपके भरतात. २००९ च्या विंडोज ७ पासून पेंटमधल्या रेषा आणि आकार असे गुळगुळीत झाले. डोळ्याला छान दिसतं, पण रंगाची बादली फक्त नेमका तोच रंग ओळखते. करडा ठिपका आला की ती थांबते, म्हणून कडेला फट राहते. शिवाय लेझर प्रिंटरकडे करडा रंग नसतोच, तो बारीक काळे ठिपके छापतो. मग कारागिरानं नेमकी कुठली कड धरायची? पेन्सिल टूल आजही धूर सोडत नाही, पण काकांचा जीव वक्र रेषेच्या टूलमध्ये! आधी सरळ रेष ओढायची, मग दोनदा वाकवायची, की झाली वेल.

म्हणजे हवं होतं विंडोज ७ च्या आधीचं पेंट. त्याहून मागे जाण्यात अर्थ नव्हता. १९८५ च्या विंडोज १.० मधलं पेंट झेडसॉफ्ट कंपनीकडून लायसन्स घेऊन केलेलं होतं आणि त्यात नुसतं काळं-पांढरं. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये त्याचं पेंटब्रश झालं आणि ९५ मध्ये पुन्हा पेंट. एक्सपीतलं पेंट म्हणजे त्या ९५ च्याच घरातलं.

आधी जेएस पेंट दाखवलं. जुन्या पेंटची ब्राउझरमध्ये चालणारी हुबेहूब नक्कल आहे, आणि कोडही सगळ्यांना खुला. मला तर जाम आवडलं. पण ब्राउझर म्हटल्यावर काकांचा विश्वास बसेना. "इंटरनेटवर माझी नक्षी कशाला?" फाइल कुठे जात नाही हे सांगून पाहिलं, उपयोग शून्य. डाउनलोड साइट्सवर जुनं पेंट ढिगानं मिळतं, पण अनोळखी माणसानं चढवलेली ईएक्सई फाइल मी काकांच्या लॅपटॉपवर टाकणार नाही. त्यात त्यांची वीस वर्षांची नक्षी आहे.

मग त्यांच्याच कपाटात एक्सपीची सीडी सापडली. तिच्यात आय३८६ नावाच्या फोल्डरमध्ये पेंट दाबून ठेवलेलं असतं, नावातलं शेवटचं अक्षर खोडून तिथे अंडरस्कोर. कमांड प्रॉम्प्टवर एक्सपांड कमांड दिली की अख्खी फाइल बाहेर. (लायसन्स त्या मेलेल्या डब्याचं होतं, हे वकील मंडळींनी वाचलं नाही असं समजू.) डबल क्लिक केलं आणि चालू की हो!

काकांनी २००६ ची एक वेल उघडली, झूम ८०० टक्के केला आणि कडेवरून माउस हळूहळू फिरवत नेला. धूर नाही. नवीन पान काढलं, बादली ओतली, काठोकाठ भरलं. मग चार वेळा अनडू दाबलं. एक्सपीच्या पेंटमध्ये तीनदाच मागे जाता येतं, नव्यात पन्नासदा जायची सवय दोन आठवड्यांत लागली होती.

"तेवढं नव्यातलं ह्यात घालून दे की रे," काका म्हणाले.