जनक नसलेली संख्या

आमचा विषय इतिहास. तथापि निवासी शाळेत शिक्षकास एका विषयाची चौकट पाळता येत नाही. गणिताचे सहकारी रजेवर असताना नववीचा तास आमच्याकडे आला. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसत होती. आम्ही फळ्यावर नाशिकरोडपलीकडील देवळालीच्या एका शाळामास्तरांचे नाव लिहिले : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

1930 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी कापरेकर शिक्षकी पेशात आले आणि 1962 पर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले. त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेक विद्वानांनी त्यांचे संशोधन करमणूक मानले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे ते जगभर पोहोचले.

त्यांची एक कल्पना अशी. कोणतीही संख्या घ्यावी व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. 15 मध्ये 1 आणि 5 मिळविले की 21 येतात. म्हणून 15 ही 21 ची जनक. परंतु 20 ला असा जनक सापडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले; त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात.

काही मूळ संख्याही स्वयंभू असतात : 3, 5, 7, 31, 53, 97. दोन हा अंक 2,40,36,583 वेळा घेऊन गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा. ही मूळ संख्या असल्याचे 2004 मध्ये जॉश फिंडले यांच्या संगणकावर आढळले. तिच्यात 72,35,733 अंक आहेत. पानावर तीन हजार अंक छापले, तरी ग्रंथ दोन हजार चारशे पानांहून मोठा होईल. 2006 मध्ये ल्यूक पेबडी यांनी तीही स्वयंभू असल्याचे दाखविले. एवढ्या अंकांची बेरीज फार तर 6,51,21,597 होऊ शकते; म्हणून जनक असलाच तर तो तेवढ्याच अंतरात असणार. पुराव्याची सीमा आखता येते, म्हणूनच असे विधान श्रद्धेवर सोडावे लागत नाही.

हे सांगताना आमच्याकडून एक चूक घडली. वर्ग हसावा म्हणून आम्ही या संख्यांना 'अनाथ' म्हटले. वर्ग हसला. शेवटच्या बाकावरील एक मुलगा हसला नाही. प्रवेश-अर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना ज्याचा कोरा होता, तोच हा मुलगा, हे आम्हांस तत्क्षणी आठवले. शब्द मात्र तोंडातून गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे केली. तिच्यात 97 पासून सुरुवात होती : 97 मध्ये 16 मिळवून 113, पुढे 118, पुढे 128. तो म्हणाला, "सर, हिला जनक नाही, पण हिच्यापासून पुढे रांग निघते. 113 सुद्धा मूळ संख्या आहे. मी भागून पाहिलं."

आम्ही वर्गासमोर कालचा शब्द मागे घेतला. येवल्याच्या 1935 च्या घोषणेवर आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो : जन्म आपल्या हाती नसतो, पुढची वाट असते. त्या दिवशी तोच धडा आम्हांस एका विद्यार्थ्याच्या वहीतून पुन्हा शिकावा लागला.