खेळाडूचे कागद

वऱ्हाडातला उन्हाळा कागदाला सोडत नाही. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, जुनी प्रमाणपत्रं घडीवर तडकतात. उरलेल्यांचा समाचार पावसाळ्यात वाळवी घेते. तरीही जठारपेठेत काकांच्या लोखंडी पेटीत बेसबॉलचा एक काळ शाबूत राहिला आहे. अमरावती विद्यापीठाच्या संघातून ते खेळले. खोबरेल तेलानं काळपट झालेला ग्लोव्ह, लाल शिवण उसवलेला चेंडू, आणि खाली कागदच कागद.

प्रमाणपत्रं मी भराभर बाजूला केली. सोनेरी कडा, गोल शिक्का, सगळी सारखीच. रेंगाळलो ते इतर कागदांवर. रेल्वे सवलतीच्या अर्जाची निळी कार्बन प्रत, तिच्यावर सगळ्या संघाची नावं आणि वयं. वहीच्या फाडलेल्या पानावर शिबिरातला हिशेब: केळी, दूध, फुटाणे, कुणाकडून किती येणं. आजोबांचं आंतरदेशीय पत्र, त्यात एकच ओळ कामाची: सामने झाले की वेचणीले ये. पदकावरून निकाल कळतो. घरचा कापूस शेतात उभा असताना एक पोरगा मैदानावर कसा राहिला असेल, ते मला या ओळीतून कळलं.

काकी दारातून म्हणाली, “राहू दे नं बाप्पा, थे फेकू नको. त्यायचा जीव होता त्याच्यात.”

फेकलं जातं ते असंच. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून पडताळणीला लागणारं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपतात. बाकीचं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातं.

मग अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण येते. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी ते 1914 मध्ये उभं केलं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या खेळाडूंनी जगाला कबड्डी दाखवली. हा पराक्रम आम्हाला पाठ आहे. मला मात्र त्यांनी घरी काय लिहिलं ते वाचायचंय. आखाड्यातल्या मातीची सवय असलेल्या पायांना परदेशातली जमीन कशी लागली? जेवायला काय मिळालं?

अमेरिकेत कूपर्सटाउनला 1939 पासून बेसबॉलचं संग्रहालय आहे. त्याच्या ग्रंथालयात मेजर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येकाच्या नावाची फाईल असते. ‘मूनलाइट’ ग्रॅहम 1905 मध्ये तिथल्या मोठ्या लीगचा एकच सामना खेळला, त्यातही फलंदाजीची पाळी आलीच नाही. पुढे तो गावात डॉक्टर झाला. त्याच्यासाठीही फाईल! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना.

आमच्याकडे अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं रणजी पदार्पण केलं तेच थेट अंतिम सामन्यात, इंदूरला; 2018 च्या पहिल्या दिवशी विदर्भानं पहिल्यांदा करंडक जिंकला. त्याचे बळी आकडेवारीत कायम राहतील. पण त्याच्या आधी जिल्ह्याच्या संघातून खेळून शेतीवर, दुकानावर परतलेले कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक जुन्या क्लबात, तालमीत एक कपाट हवं. टाचण्या काढाव्यात, गंजतात. पत्रं उलगडून सपाट ठेवावीत. आणि संघाच्या फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहून घ्यावीत, यंदाच, डावीकडून तिसरा कोण हे सांगणारे अजून ओट्यावर बसलेले आहेत तोवर.