काळी मेहंदी

माझ्या बहिणीच्या मुलीने दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘बेसिक कॉस्मेटोलॉजी’ला प्रवेश घेतला तेव्हा घरात सर्वांत जास्त विरोध मी केला. केस कापायला शिकण्यात शिक्षण ते काय, असे मी बहिणीला सुनावले होते. पहिली परीक्षा जवळ आली आणि तीच मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. शाळा उर्दू माध्यमाची, पुस्तकातले निम्मे शब्द इंग्रजी. “खाला, समझा दो ना.” शिक्षिकेला असे म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार?

पहिला धडा केसाच्या रचनेचा. बाहेरचे आवरण म्हणजे क्युटिकल. मी म्हटले, नानीच्या जुन्या घराची कौले आठव. एकावर एक चढवलेली, उतार टोकाकडे. कौले नीट बसलेली असली की केस चमकतो; उचकटली की राठ होतो, गुंततो. कौलांच्या आत कॉर्टेक्स, म्हणजे केराटिन या प्रथिनाचे धागे, काथ्याच्या दोरीसारखे पिळलेले. केसाची ताकद तिथे आणि रंगही तिथेच. अगदी मध्ये मेड्युला. बारीक केसात तो नसतोही.

रंगाचा धडा मलाही नवा होता. मेलॅनिन दोन प्रकारचे: एक काळे-तपकिरी, दुसरे लालसर-पिवळे. जगातले सगळे नैसर्गिक रंग या दोघांच्या कमी-जास्त प्रमाणातून येतात. मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या की केस बिनरंगाचा उगवतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे वाचताना आरशाकडे पाहू नये.

मग रसायने. अमोनिया कौले उचलतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन जुना रंग फिका करतो आणि नवा रंग आतच तयार होतो. केस कायमचे कुरळे करायचे तर केराटिनच्या धाग्यांना बांधणारे गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात पुन्हा जोडावे लागतात. पाण्याने सुटणारे बंध वेगळे. म्हणूनच ओली वेणी घालून झोपले की सकाळी केसांना लाटा येतात आणि पुढच्या न्हाणात निघून जातात. हे तिला लगेच कळले, लहानपणापासून केलेलेच होते.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, स्वतःची दुरुस्ती करत नाही. महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे २५ सेंटिमीटर लांब केसाचे टोक दोन वर्षांचे. त्या काळात लावलेल्या पुष्कळ गोष्टींचा हिशेब त्यात राहतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला काय काय विचारायचे, त्याचा तक्ता तिच्या वहीत होता.

ईदला पंधरा दिवस होते. सरावासाठी तिने अम्मीला खुर्चीवर बसवले.

“नानी, पिछले दो साल में बालों को क्या-क्या लगाया?”

“मेहंदी. और क्या?”

अम्मीने आयुष्यभर काळा खिजाब टाळला. या मसल्यात उलेमांची मते वेगवेगळी आहेत, पण अम्मीचे ठरलेले: मेहंदी चालते, काळा खिजाब नाही. भाचीने भांगाशी केस बाजूला करून पाहिले. मुळाशी पांढरे, पुढे गडद काळे. “मेहंदीचा रंग असा येत नाही, नानी. पुडा दाखवा.”

पुड्यावर पुढे मेहंदीच्या पानाचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘काळी मेहंदी’. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत पॅरा-फिनिलीनडायअमाइन. तिने सांगितले, मेहंदीच्या पानातला रंग नारिंगी-तांबूस. तो केराटिनला चिकटतो, पण एकट्या मेहंदीने केस काळे होत नाहीत. त्यासाठी निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावावी लागते, नाहीतर हे रसायन घालावे लागते. काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात; तशा केसांवर पेरॉक्साइड पडले की केस तापून तुटू शकतात.

मला दोन वर्षांपूर्वीचा निकाह आठवला. आदल्या रात्री मीच अम्मीच्या केसांना पहिल्यांदा हा पुडा लावला होता. निकाहाच्या दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले, कानामागे पाणी सुटले. आम्ही वांग्यांना दोष दिला, कोणी नजर उतरवली. नवीन काही लावले का, असे डॉक्टरांनी विचारले होते. मी म्हणाले, नाही, फक्त मेहंदी. त्यानंतरही दोनदा लावली आणि दोन्ही वेळा आलेली खाज आम्ही उन्हाळ्यावर ढकलली. अठरा वर्षे मुलांना वाचायला शिकवते मी. पुड्याची मागची बाजू कधी वाचली नव्हती. ४८ तास आधी थोडेसे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, हेही तिथेच छापले होते.

“एकदा ॲलर्जी झाली की सहसा जन्मभर जात नाही, खाला. पुढच्या वेळी जास्तही होऊ शकते.” असे म्हणून तिने अम्मीचे केस फक्त टोकाला कापले. अम्मी रुसली, ईदला पांढऱ्या भांगाने फिरू का म्हणाली. भाचीने साध्या मेहंदीच्या पानांची पूड मागवली आणि ४८ तास थांबायला लावले. अम्मीने ते तास मोजले.

तक्त्यातले उत्तर खोडून तिने नवे लिहिले, मग घरात अजून कोणाकडे असे पुडे आहेत का, असे विचारले. मी उठले आणि माझ्या कपाटातले दोन आणून तिच्यासमोर ठेवले.