हातावरची तुळस

सावळ्या कातडीवर पिवळा रंग उठत नाही. सुईने सोडलेला रंग कातडीच्या खालच्या थरात बसतो आणि आपला वर्ण त्याच्या वर असतो. त्या वर्णातून पिवळा, गुलाबी, फिकट निळा हे रंग मळके दिसायला लागतात. मी हैदराबादेत टॅटू शिकत होते तेव्हा आमच्यासमोर सगळे नमुने असायचे गोऱ्या हातांवरचे, परदेशी व्हिडिओंतले. पण स्टुडिओत जुनी गिऱ्हाइकं परत यायची, तेव्हा त्यांच्या दंडावरची रंगीत फुलं विझलेली असायची. काळी रेघ मात्र जागच्या जागी.

असा काळा मी लहानपणापासून पाहत होते, माझ्या आजीच्या हातावर.

आजी किनवटची. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, पण 1956 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि आजीच्या लहानपणी तिथे निजामाचं राज्य होतं. तिच्या उजव्या हातावर कोपराखाली तुळशीवृंदावन होतं, मनगटाजवळ ठिपक्यांची ओळ, हनुवटीवर एकच ठिपका. वयाने सगळं हिरवट-निळं झालेलं. काळा रंग खोल बसला की कातडीतून तसाच दिसतो. हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या घरी शेजारच्या तेलुगू बायका आल्या की तिचा हात हातात घेऊन ‘पच्चबोट्टू’ म्हणायच्या आणि आपापले ठिपके दाखवायच्या. भाषा जुळायची नाही, पण त्या गोंदणांवर त्यांचं अर्धा-अर्धा तास बोलणं चालायचं.

गोंदलं कुणी, असं विचारलं की आजी सांगायची, ‘तोटीण आली होती.’ मोबदला तिला पक्का आठवायचा : पायलीभर ज्वारी आणि आईचं जुनं लुगडं. आईने तिला मांडीत घट्ट धरलं होतं. तोटीण गाणं म्हणत म्हणत टोचत होती, दुखण्यावरून मुलीचं लक्ष उडावं म्हणून. नंतर वरून हळद लावली. सोनं मेल्यावर काढून घेतात, गोंदण कुणी काढत नाही, असं आजी म्हणायची. तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचा तो विश्वास होता. त्या तोटिणीचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

पुढे मी मासाब टँकच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकले आणि तिथे असताना आदिलाबादच्या गोंडांबद्दल वाचायला लागले. गोंडांचा नेता कोमरम भीम याचा निजामाविरुद्धचा उठाव 1940 मध्ये मोडला गेला. त्यानंतर त्या भागात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक 1948 सालचं. तोटी ही गोंडांची वंशगाथा गाणारी छोटी जमात. पुरुष वाद्य वाजवतात, गातात आणि बायका गोंदतात. म्हणजे आजीच्या हातावरची तुळस एका पिढीजात कलावंत घराण्यातून आली होती. हे कळलं त्या दिवशी मला या कामाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. तोवर मला टॅटू म्हणजे बंजारा हिल्सवरच्या श्रीमंत पोरांचा शौक वाटायचा.

मग टॅटू शिकायला लागले तेव्हा कळलं, कागदावर रेघ ओढणं आणि माणसावर ओढणं यांत फार अंतर आहे. कागद स्थिर असतो. माणूस श्वास घेतो, घाबरतो, त्याला घाम येतो. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने यंत्र चालवायचं. दीड-दोन मिलिमीटरच्या आत सगळा खेळ. सुई वरवर राहिली तर रंग खपलीबरोबर निघून जातो, खोल गेली तर रेघ फुटते, शाई आजूबाजूला पसरते. आधी कृत्रिम कातडीवर हात बसवला, मग माझ्याच मांडीवर. मांडीवरची ती आडवी रेघ आजही मी नवशिक्यांना दाखवते.

रंग टिकतो कसा, याचं उत्तरही विलक्षण आहे. शरीर शाईला परकं समजतं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी तिचे कण गिळतात. पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. गोंदण आपल्या अंगात सतत हातोहात दिलं जात असतं. आणि तोटीण दिव्याची काजळी वापरायची, ती कार्बनच. माझ्या बाटलीतल्या काळ्या शाईतही बहुधा तेच असतं. आपल्या वर्णावर काय टिकेल, हे त्या बायकांना माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

एका बाबतीत मात्र मी जुन्या पद्धतीच्या बाजूने नाही. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदलं तर हिपॅटायटिस पसरतो, एचआयव्हीचा धोका राहतो. माझ्याकडे सुईचं पाकीट गिऱ्हाइकासमोरच फुटतं आणि वापरलेली सुई त्याच्यासमोरच टाकली जाते. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही मी आधी सांगते. सैन्यात जायचं असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळव्याची मागची बाजू सोडून कुठेही काढू नकोस, असं पोरांना बजावते. अठराच्या आतल्यांना सरळ घरी पाठवते.

कोविडनंतर आई-वडिलांची अक्षरं घेऊन लोक यायला लागले. एक तरुण वडिलांचं बँकेचं पासबुक घेऊन आला होता. सही तेलुगूत, शेवटच्या दिवसांतली, थरथरलेली. तो म्हणाला, ‘अक्का, थोडी सरळ करून द्या.’ मी नाही म्हटलं. थरथर गेली असती तर सही वडिलांची राहिली नसती. त्याने विचार केला आणि मान हलवली. दोन इंचांच्या त्या सहीला मला मोठ्या चित्राइतका वेळ लागला, कारण कापरी रेघ स्थिर हातानेच काढावी लागते. मला या कलेत काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मी हेच काम सांगते. त्यात माझं काहीच दिसत नाही आणि तरी ते माझ्या हातून झालेलं असतं.

आज आम्हाला आर्टिस्ट म्हणतात, आमची नावं पाट्यांवर झळकतात, तासाला हजारो रुपये मिळतात. तोटी, एरुकला आणि अशाच जमातींच्या ज्या बायकांनी गावोगाव हिंडून ही विद्या टिकवली, त्यांना ज्वारी आणि जुनं लुगडं मिळालं. त्यांच्याकडून आलेली नक्षी मी काढते तेव्हा ती कुणाची, हे गिऱ्हाइकाला सांगते. एवढं पुरेसं नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात, नात्यात, शेजारी गोंदलेली म्हातारी बाई असेल तर या आठवड्यातच तिच्याकडे जा. उजेडात तिच्या हाताचा नीट फोटो काढा. कुठल्या गावी गोंदलं, कुणी, काय मोबदला दिला, गाणं कुठलं होतं, हे विचारून लिहून ठेवा. आणि गोंदणारणीचं नाव आठवत असेल तर ते सगळ्यात आधी लिहा.